मृत्युपत्राचे साक्षीदार जरा बघून निवडा

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. घोडं अडतं ते साक्षीदारांपाशी. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 प्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेत आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. पुढे भाऊबंदकी कोर्टात गेली, तर त्यातल्या एकाला तरी साक्षीला उभं राहावं लागतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं मृत्युपत्रही याला अपवाद नाही. म्हणून कट्ट्यावरचे आपल्याच वयाचे मित्र नकोत, कितीही जिवाभावाचे असले तरी. वयाने लहान, जवळपास राहणारे आणि मृत्युपत्रातून ज्यांना छदामही मिळणार नाही असे दोघे घ्या. त्यातले एक तुमचे नेहमीचे डॉक्टर असले तर फारच छान, कारण 'म्हातारा भानावर नव्हता' हा आरोप ठरलेला असतो.

'तासगावची द्राक्षबाग थोरल्याला' एवढंच लिहून भागत नाही. गाव, गट नंबर, क्षेत्र सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं. साखर कारखान्याचे शेअर लोक हमखास विसरतात. आणि बँकेतला नॉमिनी पैसे उचलू शकतो, मालक होत नाही.

मृत्यूनंतर सांगली-साताऱ्याकडच्या जमिनीसाठी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची, सक्ती नाही. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत जोडून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्यासाठी, अर्ज द्या, पोच मागून घ्या.