ट्राइकचा मागचा ॲक्सल: आधी हिशोब, मग स्क्रॅपयार्ड

मोटरसायकलचं इंजिन आणि मोटारीचा मागचा ॲक्सल जुळवून तीन चाकांची ट्राइक बांधणं हा ब्रिटनमधल्या हौशी मंडळींचा जुना उद्योग. फोर्ड एस्कॉर्ट, सिएरा, नाहीतर तीनचाकी रिलायंट, यांचे ॲक्सल तिथे स्क्रॅपयार्डातून उचलले जातात. चासी कशी वाकवायची, टाकीला रंग कोणता, यावर महिनोन्‌महिने खल चालतो. ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे लागतात तो आकडा, मात्र जो हाताला लागेल तो! मग गाडी चढावर क्लच जाळते, नाहीतर ताशी ८०ला इंजिन किंचाळायला लागतं. नंतर क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी जोडी: शाफ्टकडचा लहान पिनियन, चाकांकडचा मोठा क्राउन) बदलायचं म्हणजे ॲक्सल खाली उतरवा, शिम (पातळ चकत्या) घाला, बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) पुन्हा जुळवा. त्यापेक्षा अर्धा तास कॅल्क्युलेटर घेऊन बसणं स्वस्त पडतं.

इंजिनाचे फेरे रस्त्यापर्यंत पोचताना तीन जागी कमी होतात: प्रायमरीत (इंजिन ते गिअरबॉक्स), गिअरबॉक्समध्ये आणि फायनल ड्राइव्हमध्ये (गिअरबॉक्स ते चाक). ट्राइक बांधताना पहिले दोन तसेच राहतात, तिसऱ्याच्या जागी मोटारीचा ॲक्सल येतो. चौथी गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे टायर. ॲक्सलवरचा आकडा टायरचा घेर कळल्याशिवाय काहीच सांगत नाही.

उदाहरण म्हणून बीएमडब्ल्यू के१०० घेऊ. ९८७ सीसी, ८००० आरपीएमला ९० अश्वशक्ती, ६००० ला ८६ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि चेनऐवजी शाफ्ट, त्यामुळे ट्राइकला सोयीचं इंजिन. प्रायमरी धरून पाच गिअर असे: ४.५०, २.९६, २.३०, १.८८, १.६७. मूळ फायनल ड्राइव्ह २.९१. मागचा टायर १३०/९०-१७, म्हणजे घेर साधारण २.०९ मीटर. टॉप गिअरमध्ये एकूण रेशो १.६७ × २.९१ = ४.८६, आणि ताशी १०० किलोमीटरला इंजिन ३८७० च्या आसपास फिरतं.

आता ट्राइकला १९५/६५ आर१५ टायर लावले असं धरा. घेर १.९९ मीटर. मूळ बाइकइतकंच गिअरिंग हवं असेल तर

लागणारा ॲक्सल रेशो = मूळ फायनल × (नवा घेर ÷ जुना घेर) = २.९१ × (१.९९ ÷ २.०९) = २.७७

हा आकडा फक्त सुरुवातीचा. बाइक आणि स्वार मिळून सव्वातीनशे किलोच्या आत-बाहेर भरतात. ट्राइक दोन माणसांसकट सहाशेच्या घरात जाते. वजन जवळपास दुप्पट, म्हणून रेशोही दुप्पट करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. साडेपाचला पोचलेला ॲक्सल घाट चढेल, पण हायवेवर डोकं उठवेल. बाइकशी जुळणाऱ्या आकड्यात १५ ते २५ टक्के वाढ, एवढ्यात तडजोड बसते. २.७७ वर ती ३.१९ ते ३.४६ होते. सिएराच्या ७ इंची डिफरन्शियलमध्ये (थोडक्यात डिफ: दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला गिअरसंच) मिळणारे रेशो याच टायरवर आणि टॉप गिअरमध्ये असे वागतात:

३.१४: ताशी १०० ला ४३९० आरपीएम, ८००० आरपीएमला ताशी १८२ किमी
३.३८: १०० ला ४७२० आरपीएम, ८००० ला १७० किमी
३.६२: १०० ला ५०६० आरपीएम, ८००० ला १५८ किमी
३.९२: १०० ला ५४७० आरपीएम, ८००० ला १४६ किमी

उजवीकडच्या आकड्याचा उपयोग वेग मारायला नाही. ट्राइक वाऱ्याला रुंद छाती देते. ९० अश्वशक्तीत ती १६०-१७० च्या पुढे सरकेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. टॉपमध्ये कमाल शक्तीचे फेरे गाठताना जो वेग येतो, तो गाडी खरोखर गाठू शकेल त्या वेगाच्या जवळ असावा. २.७७ ठेवलात तर तो २०६ निघतो, म्हणजे पाचवा गिअर नुसता शोभेचा: जरा वारा समोरून आला की चौथ्यात उतरावं लागणार. त्यामुळे या गाडीला ३.३८. लांब पल्ल्याची, एकट्याने चालवायची असेल तर ३.१४ चालेल. मागे सामान, ट्रेलर, डोंगराळ भाग असेल तर ३.६२. एस्कॉर्टच्या ॲक्सलवर जायचं असेल तर ३.५४ वाला शोधा, ३.७७, ३.८९, ४.१ हेही त्यात येतात, पण ते उंच टायरवरच सुसह्य होतात.

पहिला गिअर वेगळा तपासा, कारण क्लच तिथे मरतो. ४.५० × ३.३८ = १५.२, १००० आरपीएमला गाडी ताशी ८ किमीने सरकते. बाइकवर हाच आकडा ९.६ होता. दुप्पट वजन घेऊन ९-१० ने निघायचं म्हणजे प्रत्येक सिग्नलला क्लच अर्धा धरून ठेवणं आलं, आणि के१०० चा क्लच कोरडा आहे, तो तापला की वास लगेच येतो.

आपल्याकडचा ओम्नीचा ॲक्सल का नको, असा प्रश्न येतोच. रेशो ५ च्या आसपास, चाक १२ इंची. या इंजिनाला तो लावला तर टॉपमध्ये १०० ला इंजिन सव्वाआठ हजारांवर जाईल. तो ॲक्सल ८०० सीसीच्या लहान इंजिनाने माणसं आणि माल ओढण्यासाठी आहे. शिवाय भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर काढता येत नाही. इथे बांधलेली ट्राइक खासगी आवारातच फिरवायची. ब्रिटनमध्ये बांधणाऱ्यांना एमएसव्हीए (बाइक-ट्राइकच्या एकेका गाडीला मान्यता देणारी) तपासणी असते, तिचे नियम चासी कापण्याआधी वाचा.

ॲक्सल विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका. टॅग असला तरी आतलं क्राउन-पिनियन बदललेलं असू शकतं. मोजणं सोपं आहे. ॲक्सल घोडीवर ठेवा, एक चाक कोणाला तरी घट्ट धरायला सांगा, पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या तबकडीवर) आणि मोकळ्या चाकावर खडूची खूण करा. मोकळं चाक बरोबर २० वेळा फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. एक चाक धरल्यामुळे क्राउन निम्माच फिरतो, म्हणजे १० वेळा. फ्लँजचे फेरे ३६ आणि वर थोडं भरले तर रेशो ३.६२. एकच फेरा मोजून ३.४ की ३.६ हे कळत नाही. डिफ उघडलेलाच असेल तर दाते मोजा: क्राउनवर ४७, पिनियनवर १३, भागाकार ३.६२. टायरचा घेरही कागदावर सोडू नका. हवा भरून, माणसं बसवून जमिनीवर पाच फेरे ढकला आणि टेपने मोजा. कागदी आकड्यापेक्षा दोन-तीन टक्के कमीच येतो.

आता दिशेचा घोळ. मोटारीच्या ॲक्सलला शाफ्ट ठरावीक बाजूने फिरलेला लागतो, आणि बाइकचा शाफ्ट नेमका उलटा फिरत असू शकतो. तसं झालं तर पुढे जायला एकही गिअर नाही आणि मागे जायला पाच. बाइक सोडवण्याआधीच गिअरमध्ये टाका, मागचं चाक पुढच्या दिशेने फिरवा आणि शाफ्ट कुठे फिरतो ते पुढून पाहून लिहून ठेवा. ॲक्सलची दोन्ही चाकं पुढे फिरवून फ्लँज तसाच फिरतो का ते बघा. जुळलं तर प्रश्न मिटला. नाही जुळलं तर ॲक्सल उलथा बसवायचा, वरची बाजू खाली.

उलथा ॲक्सल चालतो, पण त्याच्या मागण्या असतात. ब्रीदर (हवा जाण्याचं भोक) खाली जातो, तेल तिथूनच टपकतं. जुनं भोक बुजवून वर नवं पाडा. हायपॉइड ॲक्सलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली असतो, तो आता वर येतो आणि त्याच्या बेअरिंगला तेल पोचत नाही. त्यामुळे फिलरच्या (तेल भरायच्या भोकाच्या) जुन्या पातळीवर विसंबू नका: पिनियनचं बेअरिंग भिजेल इतकी पातळी ठरवून तिथे नवा फिलर घ्या, तेल ईपी ९० (जास्त दाब सोसणारं गिअर ऑइल). ड्रम ब्रेकच्या बॅकप्लेट (मागच्या तबकड्या) फिरवून ब्लीड निपल (हवा काढायची तोटी) वरच राहील असं करा, नाहीतर सिलिंडरमधली हवा कधीच निघणार नाही. आणि दाते आता कोस्ट बाजूने (एरवी ॲक्सिलरेटर सोडल्यावरच जोर येतो त्या बाजूने) जोर घेतात. ती बाजू कमकुवत आणि आवाज करणारी. इथे बाइकचा टॉर्क उपयोगी पडतो: पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर ८६ × ४.५० म्हणजे ३८७ न्यूटन-मीटर येतात. १६०० सीसीची मोटार पहिल्यात जवळपास एवढंच देते, तेव्हा धसमुसळेपणा केला नाही तर ॲक्सल टिकतो.

के१०० चा शाफ्ट उजव्या अंगाने निघतो आणि डिफ बहुधा मधोमध असतो. इंजिन थोडं डावीकडे सरकवा. उरलेला कोन दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटमध्ये सारखा वाटा, प्रत्येकी ३ अंशांच्या आत, आणि दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे काटे) एकाच रेषेत ठेवा. टॉपमध्ये ८००० ला प्रॉपेलर शाफ्ट ४८०० च्या आसपास फिरतो, त्यामुळे वेल्डिंग झाल्यावर बॅलन्सिंग करून घ्याच. स्पीडोमीटरचा सेन्सर मूळ फायनल ड्राइव्हमध्ये होता, तो गेला. प्रॉपेलर शाफ्टवर नवा बसवा.

चेनवाल्या इंजिनाला हे सगळं सुटसुटीत. स्प्रॉकेट लावलेला डिफ घेतला की रेशो दात्यांवर ठरतो. १५ वर ४५ म्हणजे ३.००. पुढे एक दाता कमी केला तर सुमारे ७ टक्के फरक, मागे एक वाढवला तर सव्वादोन. पुढे १४ च्या खाली जाऊ नका, चेन लहान वळणावर लवकर ताणते. वजनदार ट्राइकला चेन ५३० मापाची.

डिफ वेल्ड करून लॉक करायचा सल्ला बराच फिरतो. ट्राइकला पुढे एकच चाक. मागची दोन्ही एकाच वेगाने फिरली की ओल्या वळणावर हँडल वळतं आणि गाडी सरळ जाते. डिफ मोकळाच ठेवा.

सगळं बसल्यावर रेशो थोडा इकडेतिकडे वाटला तर आधी टायरकडे बघा. १९५/६५ च्या जागी २०५/७० आर१५ लावला की घेर २.१० मीटरवर जातो, म्हणजे गिअरिंग ५ टक्क्यांनी लांब; ३.६२ चा ॲक्सल ३.४४ सारखा वागतो. मात्र मडगार्डमध्ये पूर्ण दबलेल्या सस्पेन्शनला किमान बोटभर जागा उरते का ते आधी बघा, आणि स्पीडोमीटर पुन्हा कॅलिब्रेट करा.