परदेशी संस्थेचा निधी स्वीकारण्यापूर्वी

परदेशातील एखाद्या मोठ्या संस्थेचा पैसा पूर्वी दिल्ली-मुंबईच्या संस्थेमार्फत मेळघाटातल्या छोट्या संस्थेपर्यंत पोहोचत असे. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी अंशदान (विनियमन) कायदा दुरुस्त झाला आणि कलम ७ नुसार, दोन्ही संस्था या कायद्याखाली नोंदणीकृत असल्या तरी, असे अंशदान, म्हणजे परदेशातून आलेली देणगी, एकीने दुसरीला देण्यास मनाई झाली. म्हणून ‘पैसे आम्ही घेतो, पुढे तुम्हाला देतो’ असा प्रस्ताव आला, तर तो नम्रपणे नाकारावा.

निधी थेट घ्यायचा असेल, तर नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नवख्या संस्थेने ठरावीक देणगीदार, रक्कम आणि कामापुरती गृह मंत्रालयाकडे पूर्वपरवानगी मागावी. अर्जासोबत देणगीदाराचे लेखी वचनपत्र जोडावे लागते.

देणगीदाराचीही चौकशी करावी. काही परदेशी संस्थांचा पैसा गृह मंत्रालयाच्या संमतीशिवाय खात्यात जमा होत नाही. कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकी संस्थेवर २०१६ मध्ये असे बंधन आले आणि मार्च २०१७ मध्ये तिने भारतातील काम थांबवले. अशा वेळी तिच्या भरवशावर नेमलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांचे पगार कोठून द्यायचे, हा विचार करारावर सही करण्यापूर्वीच व्हायला हवा.

परदेशातून येणारी प्रत्येक रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. त्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नसते, कारण कागदपत्रे जवळच्या शाखेत देता येतात. पुढे ती रक्कम संस्थेच्या स्थानिक खात्यात वळवता येते, मात्र त्या खात्यात गावातली वर्गणी मिसळू नये.

खरी कसोटी अंदाजपत्रकाची असते. परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्या निधीच्या ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. शाळेतील शिक्षकांचे किंवा रुग्णालयातील डॉक्टरांचे वेतन त्यात धरले जात नाही; पण कार्यालयाचे भाडे, वीजबिल, हिशेबनिसाचा मोबदला आणि अहवाल लिहून सादर करण्याचा खर्चसुद्धा त्यात मोडतो. म्हणजे दर तिमाहीला जाडजूड अहवाल मागणारा देणगीदार नकळत आपल्याच २० टक्क्यांना कात्री लावत असतो, आणि हे त्याला आकडे मांडून स्पष्ट सांगण्यात संकोच करू नये. सनदी लेखापालांसोबत बसून प्रत्येक खर्च भारतीय नियमांनुसार पुन्हा वर्गीकृत करावा आणि तीच मांडणी कराराला जोडावी.

महाराष्ट्रातील न्यासांनी आणखी एक काळजी घ्यावी. विश्वस्त बदलले असतील, तर धर्मादाय आयुक्तांकडील बदल अर्ज आधी मार्गी लावावा. तेथील नोंदीतली नावे आणि गृह मंत्रालयाकडील नावे जुळली नाहीत, की खुलासे देण्यात महिने जातात.

नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत करावा लागतो. वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरावे. वर्षभरात परदेशातून एक रुपयाही आला नसला, तरी शून्य रकमेचे विवरणपत्र द्यावेच लागते.