एक गाणं, चार ध्वनिमुद्रणं: जॅझ ऐकायला बसताना

पिंपळपारावर पाडवा पहाट ऐकणाऱ्या नाशिककराला जॅझ स्टँडर्ड म्हणजे काय हे समजावायला फार वेळ लागू नये. बंदिश एकच, गाणारे अनेक; कोणी तिचं काय केलं ते ऐकायचं. अडतं ते बंदिशीचा साचा ठाऊक नसतो म्हणून. तेव्हा पन्नास गाण्यांची प्लेलिस्ट लावू नका. एकच गाणं घ्या: १९३० सालचं 'बॉडी अँड सोल', चाल जॉनी ग्रीन यांची. सोबत गायिका बिली हॉलिडेची दोन ध्वनिमुद्रणं, १९४० चं आणि १९५७ चं.

फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर बास (खर्जात लय धरणारं मोठं तंतुवाद्य) जवळजवळ गायब होतो, आणि सगळी मोजणी तर बासवरच आहे. साधे वायरवाले हेडफोन पुरतात.

आधी नुसतं मोजा. साचा ३२ मापांचा (माप म्हणजे इंग्रजीतला बार), दर मापात ४ मात्रा. आठ-आठ मापांचे चार भाग: पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा परत पहिल्यासारखा. आठ मापं म्हणजे ३२ मात्रा, अर्थात तीनतालाची दोन आवर्तनं. एका बोटाची तीन पेरं आणि टोक मिळून चार मात्रा. चार बोटं झाली की एक फेरा. आठ फेऱ्यांत साचा पुरा होतो, त्याला वादक कोरस म्हणतात.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिला शब्द समेवर शोधला जातो, पण या चालीत तो समेनंतर येतो; बास धरा, शब्द नाही. दुसरी चूक दुगुनीत मोजायची. पहिला भाग दोनऐवजी चार फेरे घेत असेल तर तुम्ही दुप्पट वेगात चाललाय. आणि ढोलाच्या सवयीने हात पहिल्या मात्रेवर जोर देणारच. जॅझमध्ये ड्रमवाल्याची झांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. तिकडे कान ठेवा.

आता तिसरा भाग, कारण गाण्याची खरी गंमत तिथे आहे. पहिल्या भागाचा शेवटचा स्वर म्हणजे सा. तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर तो लावा; जुन्या तबकड्यांचा सूर बरोबर पट्टीत बसेलच असं नाही, बारीक हलवून घ्या. मग गाणं पुढे जाऊ द्या. तिसरा भाग सुरू होताच तंबोरा बोचायला लागेल, कारण कोमल रिषभच नवा सा झालेला असतो. चार मापांनंतर सा उतरून शुद्ध निषादावर बसतो आणि शेवटच्या मापात अर्ध्या-अर्ध्या स्वराने घसरत मूळ जागी येतो. बोचणं थांबलं की समजा, चौथा भाग आला. हे एकदा कानाने पकडलं की पुढच्या वेळी तंबोरा बंद ठेवा.

साचा बोटांवर बसला की बिलीकडे वळा. ती बासच्या मागे राहते. ओळ उशिरा उचलते आणि शेवटी गाठते. नवख्याला वाटतं, बाईंची लय सुटली. बोटं चालू ठेवा, सुटत नाही. १९४० ची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, तेवढंच तिच्यावर मावायचं. १९५७ चं लाँग प्ले तबकडीसाठी, सहा मिनिटांच्या वर. तोवर आवाज खरखरीत झालाय, पल्ला आखडलाय. (याला उतरती कळा म्हणणारे बरेच भेटतात. आम्हाला ते पटत नाही.) उंच स्वर टाळून ती ओळ कशी सपाट करते आणि वजन शब्दावर कसं ठेवते, हे दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावरच कळतं. बेन वेब्स्टरचा सॅक्सोफोन १९५७ च्याच ध्वनिमुद्रणात आहे.

तिसरं गायिका सारा वॉनचं, १९७८ चं. साथीला फक्त रे ब्राउनचा बास. ना पियानो, ना ड्रम. इथे मोजायला आधार एकच उरतो आणि सारा त्यालाही हुलकावणी देते.

मग गायिकेविना एक: कोलमन हॉकिन्सचं १९३९ चं सॅक्सोफोनवादन. सुरुवातीची काही मापं सोडली तर मूळ चाल जवळजवळ नाहीच, फक्त साचा आहे. पियानोच्या छोट्या सुरुवातीनंतर बोटं लावा. सोळावा फेरा संपत आला आणि तोही थांबत आला, तर मोजणी बरोबर. आधी चुकलात तर बहुधा तिसऱ्या भागात चुकलात. तंबोरा लावून तेवढाच परत ऐका.