दोन खासगी विद्यापीठांतून एक निवडताना या चुका टाळा

भाचीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी ताईने दोन विद्यापीठांची माहितीपत्रकं माझ्यापुढे ठेवली. एकाची पहिल्या वर्षाची फी बरीच कमी, तर दुसऱ्याचं ‘हायेस्ट पॅकेज’ डोळे दिपवणारं. रात्री उशिरापर्यंत आम्ही याच दोन आकड्यांवर वाद घातला. निर्णय घ्यायला दोन्ही आकडे कुचकामी होते.

सगळ्यात महागात पडते ती पॅकेजची चूक. समजा, दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले. सरासरी निघते ८ लाख, पण प्रत्यक्षात ८ लाख कुणालाच मिळालेले नाहीत. म्हणून मध्यक पगार विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा. इथे तो ४ लाख आहे आणि आपल्या मुलीने तोच धरून चालावं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांनी दिलेली माहिती क्रमवारीच्या संकेतस्थळावर सापडते: पहिल्या वर्षाला किती आले, वेळेत किती पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि मध्यक पगार किती. नोकरी लागलेल्यांची संख्या वेळेत पदवीधर झालेल्यांशी ताडून पाहा. ‘९५ टक्के प्लेसमेंट’ म्हणताना अनेकदा फक्त प्लेसमेंटसाठी नोंदणी केलेली मुलंच मोजलेली असतात. शिवाय ही माहिती संस्थेनेच भरलेली असते आणि तिच्यात सगळ्या शाखा एकत्र असतात. सिव्हिलला जाणाऱ्याने कॉम्प्युटरच्या आकड्यांवर भुलू नये. शाखेचे आकडे वेगळे आणि लेखी मागावेत.

फी चारही वर्षांची जोडा. त्यात दरवर्षीची वाढ, होस्टेल, मेस, परीक्षा शुल्क आणि डिपॉझिट धरा. आणि सरकारी सवलत मिळेलच असं गृहीत धरू नका. मुलींच्या शंभर टक्के शुल्कमाफीच्या जुलै २०२४ च्या शासन निर्णयातून खासगी आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं वगळलेली आहेत. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायच्या वेळी हे कळून रडकुंडीला आलेले पालक मी पाहिलेत. फार वाईट वाटतं.

कर्जाचं गणित आधीच मांडा. १२ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचं, तर हप्ता सुमारे १५,९०० रुपये बसतो. शिकत असतानाचं व्याज भरलं नसेल तर त्याहून जास्त. वर्षाला ४ लाख पगार असेल, तर हातात पडणारी जवळजवळ अर्धी रक्कम यातच जाईल.

नावांत होणारी गल्लतही टाळा. कोथरूडची एमआयटी वर्ल्ड पीस आणि लोणी काळभोरची एमआयटी एडीटी ही दोन स्वतंत्र विद्यापीठं आहेत. डी. वाय. पाटील नावाचीही पिंपरी, नेरूळ, कोल्हापूर आणि लोहगाव अशी वेगवेगळी विद्यापीठं आहेत. एकाचं नॅक मानांकन (गुणवत्तेची अधिकृत श्रेणी) दुसऱ्याला लागू होत नाही.

जागा अडवायला घाईने पैसे भरणार असाल, तर परताव्याचे नियम आधी वाचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली, तर जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. त्यानंतर कपात वाढत जाते आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रं मात्र अडकवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही. दाखवा आणि लगेच परत घ्या.