नाईट गार्ड धुताना या चुका टाळा, आणि तो कधी बदलायचा तेही ओळखा

झोपेत दात खाण्याची सवय असलेले लोक रात्री दातांवर प्लास्टिकचं आवरण चढवतात, तो नाईट गार्ड. मे महिना लागला की दातांच्या दवाखान्यात त्याबद्दल एक तक्रार हमखास कानावर येते. "मॅडम, गार्ड बसूनच नाही राहिला. परवापर्यंत बरोबर बसत होता." तोंड तपासलं तर दात जिथल्या तिथे असतात. गार्डला भेग नसते, तो झिजलेलाही नसतो. मग विचारत गेलं की उलगडा होतो. दुपारी नळाखाली धुतला, किंवा डबीसकट गाडीत राहिला. दात खाऊन खाऊन चांगला गार्ड खराब व्हायला वर्षं लागतात, चुकीच्या पद्धतीने धुतला तर तो एका दुपारीत जातो. गार्ड करून घ्यायला पैसे लागतात, मापासाठी खेपा घालाव्या लागतात, आणि तो नसेल त्या रात्री सगळा जोर थेट दातांवर येतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या: माझा गार्ड कशाचा आहे? माप घेऊन लॅबमध्ये बनवलेला गार्ड कडक ॲक्रिलिकचा असतो, नाहीतर मऊ, बोटांनी वाकणाऱ्या प्लास्टिकचा. काही दोन थरांचे असतात, आतून मऊ आणि वरून कडक. याशिवाय गरम पाण्यात बुडवून, दातांवर चावून बसवायचे तयार गार्डही ऑनलाइन मिळतात. निगा बरीचशी सारखीच, पण जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

गरम पाणी आणि ऊन

उकळलं की जंतू मरतात, हे आपल्या घरांत बाळाच्या बाटलीपासून पक्कं बसलेलं आहे. त्यामुळे गार्डही पातेल्यात जातो. जंतू मरतील, पण गार्डचा आकारही जाईल. चावून बसवायचा गार्ड मुळात गरम पाण्यामुळेच आकार घेतो, तेच पाणी पुन्हा मिळालं की तो आकार सोडतो. मऊ गार्डचंही तेच. कडक ॲक्रिलिक वितळत नाही, पण वाकतं, आणि दातांवर बसणाऱ्या वस्तूला केसाएवढा फरकही पुरतो. एका बाजूला गार्ड आधी टेकतो, दुसरी बाजू अधांतरी राहते आणि जबडा रात्रभर त्या एकाच जागी जोर लावतो. सकाळी कानशिलं दुखायला लागतात आणि माणसाला वाटतं, गार्डचा काही उपयोगच नाही.

नागपुरात तर गॅस पेटवायचीही गरज पडत नाही. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. एरवीही नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असतो आणि गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणाऱ्या पाण्याखाली हात धरवत नाही. मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण त्यांची गार्ड काढून धुण्याची वेळ नेमकी दुपारची असते. उन्हाळाभर बाथरूममध्ये एक मग पाणी आधीच भरून ठेवा, ते घरात निवलं की त्यानेच गार्ड धुवा. डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रकार होतो. गिझरचा नळ चालू असतो आणि सवयीने हात त्याच्याखाली जातो.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत गार्ड ठेवू नका, थोड्या वेळासाठीही नाही. खिडकीच्या चौकटीत, गच्चीवर, हेअर ड्रायरने वाळवू नका. वाकडा झालेला गार्ड घरी पुन्हा गरम करून सरळ करायचा प्रयत्न तर अजिबात नको.

टूथपेस्टने घासणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण ती चूक वाटतच नाही. टूथपेस्टमध्ये दातांवरचा थर खरवडणारे बारीक कण असतात. आपलं एनॅमल ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी कठीण, म्हणून दातांना ते सोसतं. गार्डवर मात्र त्याचे ओरखडे उठतात. दात पांढरे करणाऱ्या पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तर हे जास्तच.

खात्री करायची असेल तर वर्षभर पेस्टने घासलेला गार्ड उजेडात तिरपा धरा. नवा असताना काचेसारखा पारदर्शक होता, आता धुरकट दिसेल. नीट बघितलं तर ब्रशच्या दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतील. त्या रेघांमध्ये लाळेतला थर बसतो, त्यात जंतू वाढतात, पिवळेपणा येतो. मग माणूस आणखी जोरात घासतो आणि रेघा आणखी वाढतात.

बरोबर पद्धत साधी आहे. सकाळी गार्ड तोंडातून काढला की लगेच साध्या पाण्याखाली धरा. लाळ वाळून चिकटली की तिचा थर काढणं अवघड होतं, म्हणून "चहा पिऊन मग धुतो" असं करू नका. गार्डसाठी वेगळा, अगदी मऊ ब्रश ठेवा. बोटावर थेंबभर सौम्य हँडवॉश किंवा भांडी घासायचं पातळ लिक्विड घ्या. भांड्यांचा साबणाचा बार आणि पावडर नको, त्यांतही खरखरीत कण असतात. बाहेरची बाजू सगळेच घासतात, राहतो तो आतला भाग. प्रत्येक दाताच्या ठशाचा जो खळगा असतो, त्यात ब्रशचं टोक फिरवायला हवं, विशेषतः मागच्या दाढांच्या खळग्यांत. कडक गार्ड धुताना तळहातात धरा आणि खाली बेसिनमध्ये पाणी किंवा एखादा नॅपकिन असू द्या. हातातून निसटून सिरॅमिकवर आपटून तुटलेले गार्ड पुष्कळ येतात.

पांढरा थर, वास आणि औषधं

नागपुरातल्या बेसा, मनीष नगरसारख्या भागांत बऱ्याच इमारतींचा वापर बोअरवेलच्या पाण्यावर चालतो. बादलीला, नळाच्या तोंडाला जसा पांढरा क्षार धरतो तसाच गार्डलाही धरतो. शिवाय लाळेतला कॅल्शियमही साचतो. हा थर नखाने किंवा पिनेने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच साधं पाणी घ्या, त्यात गार्ड वीस मिनिटं, फार तर अर्धा तास ठेवा, मग मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा एवढं पुरे. गार्डला धातूची तार किंवा क्लिप असेल तर व्हिनेगर आणि पुढे सांगितलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने केलं तर क्षार मुळातच कमी साचतो.

कवळी साफ करायच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, त्याही चालतात. पाकिटावर लिहिलेला वेळ पाळायचा, रात्रभर भिजत ठेवायचं नाही. यातल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये परसल्फेट असतं आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. गोळीच्या पाण्यातून काढलेला गार्ड चांगला खळखळून धुवा, आणि हिरड्यांची आग किंवा पुरळ असं काही जाणवलं तर गोळी बंद करून डॉक्टरांना सांगा.

ब्लीच मात्र नको. ते गार्डच्या प्लास्टिकला खराब करतं, आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशमध्ये गार्ड बुडवून ठेवू नका. हिरड्यांसाठी दिलेल्या क्लोरहेक्सिडीनमध्येही नाही, त्याने गार्डवर तपकिरी डाग पडतात.

ओला गार्ड, बंद डबी

उन्हाळा आकार बिघडवतो, तर पावसाळा बुरशी आणतो. धुतलेला गार्ड तसाच ओला डबीत घालून खटकन बंद केला की दिवसभर आत ओल राहते. जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत हे फार लवकर बिघडतं. कँडिडा ही तोंडातली बुरशी प्लास्टिकवर चांगली तग धरते. तोंडात पांढरे चट्टे येणं, टाळूची आग होणं यामागे कधीकधी तीच असते. गार्ड स्वच्छ पंच्याने टिपा, थोडा वेळ उघड्यावर वाळू द्या, मग भोकं असलेल्या डबीत ठेवा. कुलरसमोर वाळत ठेवू नका, त्या हवेत ओलही असते आणि वाळ्याची धूळही. काही कडक गार्ड पाण्यात ठेवायला सांगतात. तुम्हाला तसं सांगितलं असेल तर पाणी रोज बदला.

आणि डबी? गार्ड रोज धुणारे लोकही डबी महिनोन्‌महिने धुत नाहीत. तिचे कोपरे आणि बिजागरी बोटाने चाचपून बघा, बुळबुळीत लागेल. तीही साबणाने धुवा आणि उलटी ठेवून वाळवा.

रात्री लावताना दात घासलेले हवेत. हळदीचं दूध प्यायलं आणि वर गार्ड चढवला तर दुधातली साखर रात्रभर दातांना चिकटून राहते. झोपेत लाळही कमी सुटते, त्यामुळे ती धुतली जात नाही आणि गार्डखाली दात किडतात. हळदीचा पिवळा रंग मऊ गार्डवरून निघत नाही तो वेगळाच. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांना तर मी आधी खर्राच सोडायला सांगते. गार्डवरचा डाग ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे.

प्रवासात गार्ड कागदी रुमालात गुंडाळू नका. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये सकाळी चहाच्या कपाबरोबर तो रुमाल कचऱ्यात जातो, हॉटेलच्या खोलीतही तेच होतं. घरी कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवा. लाळेच्या वासाने कुत्री गार्ड हमखास चावतात.

बदलायची वेळ

"किती वर्षं चालतो?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मऊ गार्ड जोरात दात खाणाऱ्याकडे काही महिन्यांतच फाटू शकतो. कडक ॲक्रिलिकचा नीट जपला तर साधारण २ ते ५ वर्षं जातो. माझ्या मते कॅलेंडरपेक्षा गार्डकडे बघावं. महिन्यातून एकदा तो वाळलेला असताना ट्यूबलाइटसमोर धरा. कुठे पातळ झाला आहे, कुठे खड्डा पडला आहे, दाढेच्या जागी बारीक भेग आहे का, हे उजेडात लगेच दिसतं. चकाकणारे चपटे डाग दिसले तर घाबरू नका, गार्ड काम करतो आहे याचीच ती खूण आहे. आरपार भोक, भेग किंवा टवका मात्र दिसला की त्या रात्रीपासून तो लावू नका. झोपेत तुकडा तुटून घशात जाण्याची भीती असते, आणि धारदार कडेने जीभ कापते.

फिट बिघडली की तेही बदलायचंच लक्षण. आधी टक्‌ करून बसणारा गार्ड आता जिभेने ढकलला तरी सुटतो, किंवा एका बाजूला दाबला की दुसरी बाजू उचलते. काही आठवडे न लावता ठेवला आणि मग घट्ट वाटतोय, तर दात थोडे सरकलेले असू शकतात. तेव्हा जोर करून बसवू नका, दाखवून घ्या. नवी कॅप, मोठं फिलिंग, दात काढणं, ब्रेसेस यानंतर जुना गार्ड जुळेल असं गृहीत धरू नका. नीट धुऊन, भिजवूनही वास जात नसेल तर जंतू प्लास्टिकच्या आत मुरलेले असतात, तिथे ब्रश पोचत नाही. आणि बंद झालेली सकाळची डोकेदुखी किंवा जबड्याचा ताठरपणा परत सुरू झाला, तर गार्ड दिसायला कितीही चांगला असो, तो तपासून घ्यायला हवा.

तुटलेला गार्ड फेविक्विकने चिकटवून लावणारे लोक आहेत. तो गोंद तोंडात ठेवण्यासाठी नाही आणि जोड रात्रीचा जोर सहन करत नाही. टोचणारी कड कानशीने घासणंही तसंच. डॉक्टर ती पाच मिनिटांत बरोबर जागी घासून, पॉलिश करून देतात.

दोन गोष्टी गार्ड बदलून सुटत नाहीत. गार्ड काढल्यावर काही मिनिटं दात वेगळे जुळल्यासारखे वाटणं ठीक आहे, पण दुपारपर्यंतही दात नीट मिटत नसतील तर लगेच दाखवा. आणि मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पूर्ण झोपूनही दिवसभर पेंग येणं असं असेल तर ते दातांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेल्या काहींचा त्रास साध्या गार्डने वाढू शकतो.

दर सहा महिन्यांच्या तपासणीला गार्ड सोबत न्या. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. नवा गार्ड करायचा ठरला तरी जुना, अगदी तुटलेलाही, फेकू नका. माप द्यायला जाताना तो घेऊन जा. कोणत्या दाढेखाली तो सगळ्यात जास्त खोल गेलाय, कुठल्या बाजूने जबडा घासतो, हे त्यावर उमटलेलं असतं, आणि नवा कुठे जाड ठेवायचा, कशाचा करायचा, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येतं.