व्हॅनमधले दिवे एलईडी करताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी गणपतीला गावी निघालो तेव्हा आमच्या राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या व्हॅनमधली एलईडी पट्टी नवीकोरी होती. मुलं मागे पत्ते खेळत बसलेली, त्यामुळे रात्रभर दिवे चालू. परतीच्या वाटेवर ओट्यावरचे तीन दिवे विझले आणि शेजारचे तीन लुकलुकायला लागले. घरी येऊन पट्टी सोलून काढली, तर करंट आवरणाऱ्या बारीक रेझिस्टरभोवतीचा पांढरा भाग करपून तपकिरी झालेला. पट्टी बारा व्होल्टची, गाडी बारा व्होल्टची. मग करपली कशी?

कारण गाडीचे १२ व्होल्ट हे नुसतं नाव आहे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते, आणि इंजिन सुरू झालं की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर १४.४ पर्यंत नेतो. साध्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून सव्वानऊ व्होल्टच्या आसपास घेतात, उरलेला सगळा भार रेझिस्टरवर. १२ व्होल्टला तो भार पावणेतीन व्होल्ट असतो, १४.४ ला पाच. म्हणजे करंट जवळजवळ दुप्पट आणि रेझिस्टरची उष्णता तिपटीहून जास्त. म्हणून पट्टी नेहमी तिनातिनाच्या गटाने मरते. असा एखादाच गट गेला असेल तर कापायच्या खुणेवर तेवढा तुकडा काढून नवा जोडा, पण मूळ कारण तसंच राहिलं तर पुढचा गट रांगेत उभा आहेच.

उपाय महाग नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बक-बूस्ट कन्व्हर्टर मिळतो, तो आत व्होल्ट थोडे कमी-जास्त आले तरी बाहेर १२ व्होल्टच देतो. सुटे बल्ब घेणार असाल तर ज्यावर '१० ते ३० व्होल्ट' लिहिलंय तेच घ्या. आणि खरेदीला निघण्याआधी मल्टिमीटर लावून बघा: मोठ्या बसचा सांगाडा घेऊन बनवलेल्या गाडीत २४ व्होल्ट असू शकतात.

लोहार चाळीत फॉल्स सीलिंगसाठी २३० व्होल्टची पट्टी रिळावर मिळते. दिसायला सारखीच, मीटरमागे स्वस्त, आणि 'इन्व्हर्टर आहे ना, चालेल' म्हणून लोक ती गाडीत लावतात. कृपा करून लावू नका. पत्र्याच्या गाडीत, पावसाळ्याच्या ओलीत, डोक्याच्या उंचीवर २३० व्होल्ट खेळवायचे कशाला? शिवाय काहीच चालू नसलं तरी इन्व्हर्टर बॅटरी खातच असतो. जुने १० वॅटचे आठ बल्ब सहा तास जळले की ४० अँपिअर-तास जातात, तेच २ वॅटच्या एलईडीत आठावर येतं. ही बचत इन्व्हर्टरला वाहायची नाही.

आता तार. माझ्या मते जास्तीत जास्त चुका इथेच होतात, कारण एलईडी म्हटलं की 'करंट कितीसा' म्हणून स्पीकरची लाल-काळी तार ओढली जाते. मीटरला १४.४ वॅटची पाच मीटर पट्टी घ्या, ती सुमारे ६ अँपिअर ओढते. बॅटरीपासून सहा मीटरवर अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तारेत दीड व्होल्ट वाटेतच संपतात आणि उजेड अर्ध्यावर येतो. दीड स्क्वेअर एमएमच्या तारेत पाऊणच व्होल्ट जातो. पट्टीचं शेवटचं टोक मंद दिसत असेल तर दोन्ही टोकांना सप्लाय द्या. मोजायचं ते दिवे चालू ठेवून, टोकाशी. बंद दिव्यांवर मल्टिमीटर सगळं छान दाखवतो.

फ्यूज बॅटरीच्या शेजारीच हवा, आणि तो दिव्यांच्या नाही, तारेच्या मापाचा. तार पत्र्याला घासून सोलली तर लेड-ॲसिड बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. तारेची शेगडी व्हायला काही सेकंद पुरतात.

तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली तर मे महिन्यात पत्रा तापतो, टेपचा डिंक पाझरतो, आणि पावसाळ्यात खारी हवा तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढवते. थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. पट्टीही नुसत्या चिकटपट्टीवर छताला टिकत नाही, ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवा. उष्णता तोच ओढून घेतो.

बल्ब पेटलाच नाही तर आधी उलटा करून बघा, एलईडीला प्लस-मायनस कळतं. स्विच बंद असूनही अंधुक जळत असेल तर बहुधा स्विचमधल्या इंडिकेटरचा करंट झिरपतोय. दिवे लावल्यावर एफएम खरखरलं तर दोष बल्बमधल्या स्वस्त ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटचा. जुना फिरवायचा डिमर काढून पीडब्ल्यूएमवाला, म्हणजे दिवे झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा, लावा. रंग ३००० केल्व्हिनच्या आसपासचा, पिवळसर घ्या, दुकानात पहिल्यांदा पुढे करतात तो ६५०० चा निळसर पांढरा नको. झोपायच्या जागेत तो डोळ्यांत घुसतो, आणि समुद्रकिनारी दार उघडं ठेवलं की किडे जास्त बोलावतो.

छताचं पॅनल बंद करायची घाई करू नका. इंजिन सुरू ठेवून तासभर सगळे दिवे जळू द्या, मग एकेका जोडाला बोट लावत जा. जो चटका देईल तो जोड उघडून पुन्हा करा, आणि मगच स्क्रू आवळा.