बेरी तोडायला सगळी फॅमिली घेऊन जाताना

आपल्या हाताने बेरी तोडायच्या, काट्यावर वजन करायचं आणि पैसे देऊन घरी आणायच्या, अशा फार्मवर जायचं ठरलं की सगळे आधी टोप्या, गॉगल आणि फोटो यांच्या मागे लागतात. मी म्हणेन आधी फ्रिज उघडून बघा किती जागा आहे ते. कारण तोडणं सोपं असतं हो, मजा येते, हात थांबतच नाही, आणि मग संध्याकाळी किचनच्या ओट्यावर चार-पाच किलो स्ट्रॉबेरी घेऊन बसायची वेळ येते जी पुढच्या दोन-तीन दिवसांत संपवायची असते. रासबेरी तर त्याहून नाजूक, एक-दोन दिवसांत मऊ पडते. ब्लूबेरीच काय ती समजूतदार, फ्रिजमधे आठ-दहा दिवस आरामात राहते. म्हणून किती आणायच्या हे घरीच ठरवून निघा. अंदाज हवा असेल तर मध्यम आकाराची एक स्ट्रॉबेरी साधारण 12 ते 15 ग्रॅमची असते, म्हणजे किलोत सत्तर-ऐंशी येतात, आता घरात कोण किती खातं ते तुम्हालाच माहीत.

निघायच्या दिवशी सकाळी फार्मला फोन करा, आदल्या आठवड्यात विचारलं होतं म्हणून गप्प बसू नका. सुट्टीच्या दिवशी गर्दी सगळा पिकलेला माल तोडून नेते आणि मग पुढची फळं पिकेपर्यंत फार्मवाले एखाद-दोन दिवस तोडणी बंद ठेवतात, तुम्ही नेमके तेव्हा पोचलात तर पोरांची तोंडं बघवणार नाहीत. फोनवरच विचारून घ्या की आत्ता कुठली बेरी चालू आहे, डबे आपले आणायचे की तिथले घ्यायचे, एन्ट्री फी आहे का आणि ती बिलातून वजा होते का, कार्ड चालतं का, टॉयलेट आहे का. बाबागाडी न्यायची असेल तर तेही विचारा, ओळींमधली वाट अरुंद आणि चिखलाची असेल तर ती उचलूनच फिरावं लागतं.

कुठली बेरी हे घरात कोण कोण आहे त्यावर ठरतं. स्ट्रॉबेरी जमिनीलगत असते, छोट्यांना एकदम बरोबर उंची पण मोठ्यांची कंबर अर्ध्या तासात बोलायला लागते. आजी-आजोबा बरोबर असतील तर ब्लूबेरी बेस्ट, झुडूप कमरेपासून डोक्यापर्यंत उंच, काटे नाहीत, उभ्याने तोडता येतं, आणि फळं घोसाने असतात त्यामुळे बादली भरल्यासारखी वाटते. रासबेरी-ब्लॅकबेरीला बहुतेक जातींत काटे असतात (बिनकाट्याच्या जाती पण आहेत, विचारून बघा), तिथे फुल बाह्यांचा शर्ट हवाच. बाकी कपडे जुने घाला, डाग पडणार म्हणजे पडणार. बूट बंद. आणि परफ्यूम मारून जाऊ नका प्लीज, झाडांवर फळाबरोबर फुलंही असतात त्यामुळे मधमाश्या असणारच, त्यांना हात झटकले नाहीत तर त्या आपल्या कामात असतात.

वेळ सकाळची, पण अगदी उजाडता उजाडता नको, दव वाळू द्या. ओली तोडलेली बेरी डब्यात गेली की बुरशी लवकर धरते. आणि दुपारी तोडलेलं फळ उन्हाने आतून तापलेलं असतं, ते फ्रिजमधे ठेवलं तरी टिकायला कमीच. रात्री जोरात पाऊस झाला असेल तर त्या दिवशीचा बेत पुढे ढकललेला बरा.

डब्याच्या बाबतीत एकच गोष्ट, पसरट घ्या. खोल बादलीत वरच्यांच्या वजनाने खालच्यांचा लगदा होतो. स्ट्रॉबेरीचा थर चार इंचांच्या वर नको, रासबेरीचा त्याहूनही कमी. खोल बादली फक्त ब्लूबेरीला चालते. स्वतःचा डबा असेल तर आत जायच्या आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यायला सांगा, नाहीतर डब्याचेही पैसे भराल.

आता मेन गोष्ट, तोडायचं कसं. यातली बहुतेक फळं तोडल्यावर गोड होत नाहीत, घरी नेऊन रंग थोडा गडद होईल पण साखर काही वाढणार नाही, म्हणून "पिकेल घरी" हे आंबेवालं लॉजिक इथे चालत नाही. स्ट्रॉबेरी देठापर्यंत लाल हवी, वरती पांढरट पट्टा दिसला की सोडून द्या. फळ धरून ओढायचं नाही, त्याच्या वरची बारीक दांडी अंगठ्याच्या नखाने चिमटून तोडायची, हिरवा देठ फळालाच राहू द्यायचा, टिकते जास्त. पानं बाजूला करून खाली बघा, मोठी मोठी तिथेच लपलेली असतात, घाईत येणारे सगळे वरची घेऊन जातात. ब्लूबेरी निळी झाली म्हणजे पिकली असं नाही, उलटी करून देठाच्या बाजूला बघा, तिथे लालसर कडा असेल तर अजून आंबट. घोसाखाली हात धरून अंगठा हलकेच फिरवायचा, पिकलेल्या आपोआप हातात पडतात, कच्च्या चिकटून राहतात. तिच्यावरची पांढरी पावडर औषध नाही, तिचं स्वतःचं मेण आहे, पुसू नका, त्यानेच ती ताजी राहते. रासबेरी पिकली की मधला पांढरा दांडा झाडावर ठेवून पोकळ निघते, जोर लावावा लागला तर ती तयार नाही. ब्लॅकबेरी मात्र दांड्यासकट येते, आणि चकचकीत काळी दिसली की लोक भुलतात पण ती आंबट निघते, चकाकी जाऊन जरा मळकट काळी झालेली खरी गोड.

पोरांना "नीट तोडा" सांगून काही होत नाही, काम वाटून द्या. एकाने पानं उचलून शोधायचं, दुसऱ्याने तोडायचं. प्रत्येकाला छोटा दांडीवाला डबा द्या जो सांडला तरी फार रडारड होणार नाही. वाफ्यांवरून उड्या मारायच्या नाहीत हे आधीच सांगा, झाडं पायाखाली येतात, आणि फार्मवाल्याने दिलेली ओळ सोडून दुसऱ्या ओळीत घुसायचं नाही. तोडता तोडता खाण्याबद्दल प्रत्येक फार्मचा नियम वेगळा, कधी फवारणी झाली तेही तिथेच विचारा आणि जमलं तर धुवूनच द्या. अगदी लहानग्यांना अख्खी ब्लूबेरी देऊ नका, गोल आणि गुळगुळीत असते, घशात अडकू शकते, दाबून चपटी करून किंवा चिरून द्या. तास-दीड तास पुरे, त्यानंतर मुलं बेरी तोडत नाहीत, एकमेकांवर फेकतात.

परत येताना डबे डिकीत टाकू नका, तिथे भट्टी असते. एसी लावून पायाशी ठेवा नाहीतर कूलर बॉक्स न्या.

घरी आल्यावर धुवायचं नाही! सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो. आधी ताटात पसरून निवडा, दबलेल्या आणि फुटलेल्या बाजूला काढा, बुरशीवाली एक जरी राहिली तरी शेजारच्यांना लागते. चांगल्या बेरी डब्यात टिश्यू घालून फ्रिजमधे, आणि खायच्या वेळी लागतील तेवढ्याच धुवा. जास्त झाल्या तर फ्रीझर. स्ट्रॉबेरी, रासबेरी, ब्लॅकबेरी धुवून अगदी कोरड्या करून, ब्लूबेरी न धुता, ट्रेमधे एकमेकींना न चिकटतील अशा पसरून आधी कडक होऊ द्या आणि मग पिशवीत भरा, म्हणजे पाहिजे तेव्हा मूठभर काढता येतात, दगड फोडायला लागत नाही. दबलेल्यांचा त्याच दिवशी जॅम करा, आणि पोरांनी उत्साहाने तोडलेल्या त्या पांढऱ्या पट्ट्याच्या अर्धकच्च्या स्ट्रॉबेरी असतीलच, त्या पण त्यातच टाका, कच्च्या फळात पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातलाच पदार्थ) जास्त असतं त्यामुळे जॅम छान घट्ट होतो.